ठमाबाईचा इंटरव्ह्यू

रोडपालीच्या ठमाबाईला तिच्या आवाजानं दगा दिला तो उरणकडच्या एका लग्नात, दिवसाढवळ्या, भरल्या मांडवात.

ठमाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी उशिरा आला तर चालतो, बँजोवाले आलेच नाहीत तरी चालतं, पण धवलारीण हवीच. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे तिचं गाणं, लागतो. ती गायली नाही तर लग्न लागल्यासारखं कुणाला वाटतच नाही. पनवेल ते उरण, तीस वर्षं ठमाबाईचा आवाज गावोगाव फिरत होता. तिला माईक नको, पेटी नको. तिनं सूर लावला की पलीकडच्या आळीतल्या बाया पिठाचे हात तसेच घेऊन यायच्या.

त्या दिवशी नवरीला हळद लावायला बाया बसल्या, ठमाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आवाज वर चढवला आणि घशातून गाण्याऐवजी नुसती हवा आली. फुस्स. ती खाकरली. पुन्हा लावला. पुन्हा फुस्स. पाटावरच्या नवरीलाच आधी हसू फुटलं, मग करवल्यांना. उरलेला धवला भामानं कसाबसा ओढत नेला. भामा म्हणजे ठमाबाईची शेजारीण आणि गाण्यातली जोडीदारीण. ती ठमाबाईच्या मागून ओळ म्हणायची, पुढून कधी म्हणालेली नव्हती.

पनवेलच्या डॉक्टरनं बॅटरी मारून तोंड पाहिलं, घसा पाहिला.

"मशेरी लावता?"

"सगल्याच लावतात."

"दिवसातून किती वेळा?"

ठमाबाईनं छताकडे बघितलं. कोण मोजतं?

"गालाच्या आत पांढरा चट्टा आहे," डॉक्टर म्हणाला. "आज घाबरण्यासारखं काही नाही. मशेरी सुटली तर तो बहुतेक जाईल. घसाही सुटेल. नाही सुटली तर पुढचं मला सांगता येत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा."

झालं. घरी ही बातमी पोचली आणि ठमाबाईच्या घराची शाळा झाली. नवरा तुळशीराम सकाळी चहाबरोबर एक आणि संध्याकाळी भजनाला जाताना एक, असे रोजचे दोन उपदेश करू लागला. मुलगा प्रितेश तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा. त्यानं सुजलेल्या जबड्याचं एक चित्र आणून फ्रीजवर चिकटवलं. नणंद फोनवर रडली.

आता ठमाबाईचा स्वभाव असा, की तिला बस म्हटलं तर ती उभी राहणार. लग्नाआधी तिच्या बापानं सांगितलं होतं, तुळशीराम नको, त्याचं मिठागर वाहून गेलंय. म्हणून तर तिनं तुळशीराम केला. उपदेश सुरू झाले त्या आठवड्यात तिनं बाजारातून तंबाखूची दुप्पट पानं आणली, मागच्या दारी चूल पेटवून तव्यावर काळी होईस्तोवर भाजली, आणि त्या धुरानं घराच्या तिन्ही मजल्यांवर माणसं खोकायला लागली तेव्हा खलबत्त्यात कुटत बसली, ठणठण, ठणठण, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. डबी काठोकाठ भरली. फ्रीजवरच्या चित्राखाली ठेवली.

एकच माणूस तिला काही बोलत नव्हतं, ती म्हणजे सून, किशोरी. किशोरी उरणची. द्रोणागिरीच्या एका गोदामात कंटेनरच्या नोंदी कॉम्प्युटरवर करायची. तिला सासूच्या आवाजाचं वेड होतं. प्रितेशला पहिल्यांदा बघायच्या आधी तिनं ठमाबाईला ऐकलं होतं, आणि हे तिनं प्रितेशला अजून सांगितलेलं नव्हतं.

हे सगळं चालू होतं २०१४ साली. घरात नेट म्हणजे एक डोंगल, आणि त्या डोंगलला रेंज मिळायची फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ. किशोरी रविवारी लॅपटॉप घेऊन तिथं बसायची आणि सासूसाठी समुपदेशक शोधायची. मराठी बोलणारा पाहिजे, आणि घरबसल्या, कारण ठमाबाई पुन्हा कुठल्या दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हती.

पहिला सापडला तो टाय लावलेला. त्यानं नमस्कार केला आणि लगेच एकामागून एक सडक्या दातांची चित्रं दाखवायला लागला. सातव्या चित्राला ठमाबाईनं लॅपटॉपचं झाकण मिटलं, जसं ताटावर झाकण घालतात तसं. दुसरा संमोहनवाला होता. "डोळे मिटा, तुम्ही समुद्रकाठी आहात," असं तो खोल आवाजात म्हणाला. ठमाबाई पहाटे चारला उठलेली. तिनं डोळे मिटले आणि ती घोरायला लागली. तो बिचारा अर्धा तास लाटांचं वर्णन करत राहिला.

"बस झाला गो आता," ठमाबाई उठल्यावर म्हणाली. "हे सगले मनाच शिकवायला येतात. मी काय बालवाडीत हाय?"

किशोरीलाही ते पटलं. पुढच्या रविवारी ती वाचत बसली, कुणी न शिकवणारं असतं का म्हणून. आणि वाचता वाचता ताडकन उठली.

"आई, सापडली! नाशिकची हाय. प्रांजल नाव. तिची रीत येगळी. मी तिला लिहिलं, माझ्या सासूबाईंना मशेरी सोडायला सांगाल ना? तर ऐका तिनं काय लिहिलं." किशोरीनं स्क्रीनवरून वाचून दाखवलं, "‘नाही. मी सांगणार नाही, मी विचारेन. पण आधी त्यांना स्वतःला यायचं आहे का, ते विचारा. नसेल तर नको.’"

ठमाबाई बोंबील उलटे करत होती. गच्चीभर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते.

"तिच्या रीतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग बोलतात," किशोरी म्हणाली.

ठमाबाईचा हात थांबला. "क बोललीस? इंटरव्ह्यू?"

"हो, म्हणजे—"

"माझा इंटरव्ह्यू?"

किशोरी समजावून सांगणार होती की हा तसला इंटरव्ह्यू नव्हे. पण तिनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ठमाबाईच्या घरातल्या सगळ्यांचे इंटरव्ह्यू झालेले होते. प्रितेशचा कारखान्यात, किशोरीचा गोदामात. तुळशीरामचासुद्धा, एकदा, वॉचमनच्या नोकरीसाठी. तो नापास झाला होता, पण झाला होता. ठमाबाईला जन्मात कुणी इंटरव्ह्यूला बोलावलं नव्हतं.

"कवा हाय?" तिनं विचारलं.

रविवारी अकराला होता. शनिवारपर्यंत आळीभर झालं, ठमाबाईला इंटरव्ह्यूचा कॉल आलाय. भामा कुंपणावरून विचारून गेली, "कंच्या कंपनीत गो?" ठमाबाई म्हणाली, "नाशिकची हाय," आणि आत गेली. दुपारपर्यंत भामानं सगळीकडे सांगितलं की ठमीला नाशिकच्या कंपनीत गाणं शिकवायला बोलावलंय, राहायला क्वार्टर देणार आहेत. तुळशीराम भजनातून परत आला तो काळजीत. "अगो, नाशिकला मी क करू? मना थंडी सोसत नाय."

रविवारी ठमाबाई दहालाच गच्चीवर तयार. हिरवं नऊवारी लुगडं, नाकात नथ, केसांत अबोलीचा गजरा, आणि मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत तिसरी पास झाल्याचा दाखला. डोंगलचा दिवा लाल होता. किशोरीनं तो टाकीच्या पाइपाला सुतळीनं बांधला, थोडा उरणच्या दिशेला वळवला, तेव्हा निळा झाला.

स्क्रीनवर एक पोरगी आली. तिशीची असेल. टाय नाही, चित्रं नाहीत. मागं खिडकीत एक मांजर बसलेलं.

"नमस्कार ठमाबाई. मी प्रांजल. किती छान दिसताय!"

"हा माझा दाखला," ठमाबाई म्हणाली आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला.

प्रांजल हसली नाही. तिनं पुढं वाकून दाखला नीट वाचला. "तिसरीत गणितात पंचेचाळीस," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त आहेत."

ठमाबाई खूश झाली. किशोरी हळूच खाली निघून गेली.

"एक विचारू का?" प्रांजल म्हणाली. "नको वाटलं तर सांगू नका."

"इचारा."

"मशेरीत तुम्हाला काय आवडतं?"

ठमाबाईनं उत्तरं पाठ करून ठेवली होती. कधीपासून लावता, किती लावता, का सोडत नाही, सगळ्याची. हे एक पाठ केलेलं नव्हतं. तिनं इकडे तिकडे बघितलं. आवडतं? पन्नास वर्षांत आईनं विचारलं नाही, नवऱ्यानं नाही, डॉक्टरनं नाही.

"बघा, आता इचारलाच हाय तर..." ती म्हणाली आणि सुरू झाली. पहाट कशी असते, कोंबडा आरवायच्या आधीची. मागच्या दाराची पायरी कशी गार असते. घरातलं कुणी उठलेलं नसतं. बोटावर चिमूट घ्यायची, दातावरून फिरवायची, डोक्यात एक गोड भिंगरी फिरते, आणि समोर पूर्वी खाडी दिसायची तिथं आता इमारती दिसतात, पण त्या वेळी अंधारात त्याही खाडीसारख्याच वाटतात. त्या पायरीवर कुणी हाक मारत नाही. मशेरी लावतेय म्हटलं की माणसं मागं फिरतात.

"म्हणजे दिवसभरात तेवढाच वेळ फक्त तुमचा असतो," प्रांजल म्हणाली.

ठमाबाईच्या मागं कावळ्यानं एक बोंबील ओढून नेला; ती वळलीसुद्धा नाही.

"हां," ती म्हणाली. "तेवढाच."

पाऊण तास गेला. शेवटी प्रांजल म्हणाली, "पुढच्या रविवारी भेटू या का? तुमची मर्जी असेल तर."

"मी पास झाली का?"

"इथं पास-नापास नसतं, ठमाबाई."

ठमाबाईला वाटलं, नापासच. तोंडावर सांगत नाहीत, तुळशीरामला तरी कुठं सांगितलं होतं. पण जिना उतरताना तिच्या लक्षात आलं की त्या बयेनं मशेरी सोड हे दोन शब्द एकदाही उच्चारलेले नाहीत. ती जिन्यातच थांबली. ही कसली डॉक्टरीण? सोड म्हणाली नाही तर मी नाही कसं म्हणू? तिला आठवडाभर चुकल्यासारखं होत राहिलं.

दुसऱ्या रविवारी प्रांजलनं विचारलं, "मशेरी सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहा, किती म्हणाल?"

"तीन," ठमाबाई म्हणाली आणि छाती पुढं काढून बसली. आता ही म्हणणार, तीनच? दहा का नाही? त्यावर सांगायला तिच्याकडे भरपूर होतं.

"तीन," प्रांजल म्हणाली. "एक का नाही म्हणालात?"

"आँ?"

"एक म्हणता आलं असतं. शून्यही. तुम्ही तीन म्हणालात. का?"

"कारण..." ठमाबाई म्हणाली. "कारण शून्य कसा असंल? माझा आवाज गेलाय ना! भामा पुढून म्हणते आता, मना मागून म्हणायला लागतंय. तीस वरसं मी पुढं होती. ती धवल्यातली नावंसुदा चुकवते, नवरीच्या आयशीच्या जागी मामीचा नाव घेते. आणि तो चट्टा. जिभेला लागतो, गोडी लागत नाय कशाची. परवा किशोरीनं कोलंबीचा रस्सा केला, सगले बोटं चाटत होते आणि मना नुसता गरम पानी लागला. किशोरीच्या हातचा रस्सा! आणि हिला मूल झाला, तर त्या पोराला घेऊन मी—"

ती थांबली. समोर प्रांजल नुसती ऐकत होती. ठमाबाईला कळलं की गेली पाच मिनिटं मशेरी का सोडावी याचं भाषण झालं, आणि ते तुळशीरामनं नव्हे, प्रितेशनं नव्हे, तिनं स्वतः केलं.

"अगो बया," ती म्हणाली. "तू मना फशिवलास."

आणि हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून. नथ हलायला लागली. प्रांजललाही हसू आवरेना. खालून किशोरी धावत वर आली तेव्हा टाकीजवळ सासू गदगदा हसतेय, स्क्रीनवर डॉक्टरीण डोळे पुसतेय, आणि गच्चीवर सहा कावळे बोंबलांची पंगत करून बसलेत.

ठमाबाईला त्या आठवड्यात दुसरंच वेड लागलं. ती घरात सगळ्यांना आकडे विचारायला लागली. तुळशीराम म्हणाला, आज भात जरा कच्चा झालाय. "किती कच्चा? दहापैकी?" "चार." "मंग दोन का नाय?" तुळशीराम घास हातात घेऊन विचार करत बसला आणि शेवटी म्हणाला, "तसा बराच शिजलाय म्हना." प्रितेशनं फ्रीजवरचं चित्र स्वतःच काढलं, कारण आई रोज त्याच्याकडे बघून विचारायची, हे लावलंस ते दहापैकी किती उपयोगाचं वाटतं रं तुला?

पण तिसऱ्या रविवारी तिच्यातली जुनी ठमी उठून बसली. तिनं गजरा घातला नाही. कॅमेरा लागल्या लागल्या ती म्हणाली, "मी ठरवला हाय. मी काय सोडनार नाय. झाला."

"ठीक आहे," प्रांजल म्हणाली. "तुमचं तोंड, तुमचा गळा. ठरवायचं तुम्हीच."

ठमाबाई वाट बघत राहिली. आता येईल. पण, तरी, बघा हं, असं काहीतरी येईल. प्रांजलच्या मांजरानं जांभई दिली.

"तुमी बोलत का नाय?"

"काय बोलू?"

"सोडायला पायजे म्हना ना!"

"तुम्हाला कुणीतरी तसं म्हणायला हवंय."

ठमाबाईला एकदम रिकामं वाटलं. रस्सीखेचेत समोरच्यानं दोर सोडावा आणि आपण मागं जाऊन पडावं तसं. भांडायला माणूसच उरला नाही. आता उरली ती स्वतः आणि मांडीवरची डबी.

"सोडायला घेतलं, समजा," प्रांजल म्हणाली, "तर जमेल असं किती वाटतं? शून्य ते दहा."

"एक."

"शून्य नाही?"

मग ठमाबाईला आठवलं, तसं ती सांगत गेली. प्रितेश पोटात होता तेव्हा मशेरीच्या वासानं तिला उलट्या व्हायच्या. सात महिने तिनं डबीला हात लावला नव्हता. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, ती साफ विसरली होती. त्या सात महिन्यांत तिनं किती लग्नं गाजवली होती, मोठं पोट घेऊन!

"सात महिने," प्रांजल हळूच म्हणाली. "बाप रे."

"मी सोडली होती," ठमाबाई म्हणाली. जणू दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकावं तसं. "मीच."

कुणी सांगितलं म्हणून नव्हे, तर बुधवारी सकाळी, तिला वाटलं म्हणून, तिनं डबी उचलली आणि मागच्या दारी मातीत उपडी केली. पहाटे पायरीवर बसणं तिनं सोडलं नाही. ते ठरवूनच ठेवलं. फक्त बोटावर आता भाजलेला ओवा आणि मीठ. घरात तिनं कुणाला सांगितलं नाही. पण तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळलं, कारण ठमाबाई भांडी घासायला बसली आणि उठलीच नाही. घासलेली पुन्हा घासली. माळ्यावरचे हंडे, लग्नात आलेली ताटं, शेजारच्या भामाची कढई. मग पडदे धुतले. मग तुळशीरामला म्हणाली, "तुमी मधी उभे ऱ्हाऊ नका, नायतर तुमालापन धुईन," आणि तुळशीराम सबंध दिवस देवळात जाऊन बसला. डोकं गरगरत होतं. पाचव्या दिवशी तिनं किशोरीच्या कोलंबीच्या रश्श्यात बोट घातलं, चाटलं, आणि स्वयंपाकघरातून ओरडली, "किशोरे! यात कोकम टाकला हाय?"

"रोजच टाकते, आई."

"मना आज लागला!"

दोघी ओट्यापाशी उभ्या राहून भांड्यातूनच रस्सा प्यायल्या. जेवणाच्या वेळी बाकीच्यांना नुसत्या कोलंब्या मिळाल्या.

मग एकदा घसरली. कळंबोलीच्या एका साखरपुड्यात भामानं सवयीनं डबी पुढं केली आणि ठमाबाईच्या बोटानं सवयीनं चिमूट घेतली. दातावर फिरवली तेव्हा कळलं. ती रविवारी गच्चीवर आली ती मान खाली घालून. "लावली," ती म्हणाली. "सोमवारी. आता बोला काय बोलायचा ते."

"त्याआधी किती दिवस लावली नव्हती?"

ठमाबाईनं बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "एकोणीस."

"एकोणीस दिवस. ते कसे काढलेत हो?"

आणि ठमाबाई सांगत सुटली. ओवा, पायरी, हंडे, पडदे, रस्सा. सांगता सांगता तिची मान आपोआप वर आली. एकोणीस! तिला हा आकडा माहीतच नव्हता. तिनं त्या दिवशी आळीत भेटेल त्याला तो सांगितला. दूधवाल्यालाही. दूधवाला म्हणाला, एकोणीस काय, बाय? लिटर?

दुसऱ्यांदा ती घसरली नाही. महिना झाला, दोन झाले. घशातली फुस्स कमी झाली, मग खरखर आली, मग एका सकाळी मुखमार्जन करताना तिनं सहज सूर लावला आणि तो गेला. वर गेला. न्हाणीघराच्या पत्र्यावरचं मांजर उडी मारून पळालं. ठमाबाई ओल्या पायांनी घरभर फिरली, तुळशीरामला हलवून उठवलं, "ऐकलात? ऐकलात का?" आणि त्याला ऐकवायला पुन्हा लावला. पलीकडून भामाच्या घराची खिडकी उघडली.

"ठमे, पुन्हा म्हन!" भामा ओरडली.

आळीतल्या बुधाजीच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दिवशी सकाळी दोघी उभ्या राहिल्या तेव्हा भामा आपणहून मागं सरली. ठमाबाईनं तिचा हात धरून तिला शेजारी ओढलं. "नावं चुकव नकोस म्हंजे झाला," ती कानात म्हणाली. त्या दिवशी धवला दोघींनी पुढून म्हटला. वरच्या पट्टीत आवाज थोडा कापला, जुना होता तसा नव्हताच तो, जरा खालचा आणि जाड झाला होता. पण बाया पिठाचे हात घेऊन आल्या.

त्यानंतर भामाला राहवेना. "मनापन घ्या तुमच्या कंपनीत," ती म्हणाली. पुढच्या रविवारी पुतळीहार घालून ती गच्चीवर हजर. किशोरीनं तिला बसवलं आणि सासूला खाली जायला सांगितलं. ठमाबाईला ते अजिबात आवडलं नाही. भामाला काय काय सांगायचं, चट्टा, रस्सा, ओवा, याची तिच्याजवळ मोठी तयारी होती. ती जिन्यात बसून पदर तोंडात धरून राहिली. वरून भामाचा आवाज आला, "मशेरीत क आवडता? बघा, आता इचारलाच हाय तर..."

प्रांजलबरोबरच्या भेटी आठवड्यावरून महिन्यावर गेल्या. आणि सहा महिने झाले तसं ठमाबाई किशोरीला घेऊन पनवेलच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं बॅटरी मारली, गाल बाजूला केला, खूप वेळ बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"कुठं होता हो चट्टा? या बाजूला ना?"

"हां."

"मला तर काही दिसत नाही."

किशोरीच्या हातातली पिशवी पडली. डॉक्टर पुढं बरंच काही म्हणाला, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा, गाफील राहू नका. दोघींनी मान हलवली आणि बाहेर आल्या. पायऱ्यांवर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मग ठमाबाईला हसू आलं, किशोरीला आलं, आणि येणारेजाणारे बघत राहिले की दवाखान्याच्या दारात सासू-सून एकमेकींना धरून का हसतायत.

"घरी फोन करू?" किशोरी म्हणाली.

"करशील मंग. आधी चल."

"कुठं?"

ठमाबाईला माहीत नव्हतं. चालत चालत त्या मोठ्या मैदानापाशी आल्या. तिथं आनंदमेळा लागला होता. दुपारची वेळ, गर्दी नव्हती. मधोमध आकाशपाळणा उभा, रिकामा, हळूहळू फिरत. ठमाबाई मान वर करून बघत राहिली. ती जन्मात त्यात बसली नव्हती. लहानपणी बाप बसू देत नव्हता, लग्नानंतर तुळशीरामला चक्कर यायची, मग वय झालं.

"भीती वाटते का, आई?"

"वाटते," ठमाबाई म्हणाली आणि नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला.

पाळण्यात दोघी समोरासमोर बसल्या. पाळणेवाल्यानं दांडा लावला, "बाय, घट्ट धरा," म्हणाला आणि चाक सुटलं. पहिल्याच फेरीला वर पोचताना ठमाबाई किंचाळली. मोठ्यानं, खणखणीत. खाली भेळवाल्यानं, तिकीटवाल्यानं आणि पाळणेवाल्यानं एकदमच वर पाहिलं. खाली पनवेल होतं, पलीकडे कर्नाळ्याचा सुळका, तळोज्याच्या चिमण्या, कळंबोलीच्या इमारतींची रांग, आणि त्यांच्या मागं उन्हात चमकणारी पाण्याची एक पट्टी.

"किशोरे, ती आपली खाडी! अजून हाय गो ती! इथून दिसते!"

"आई, दांडा सोडू नका!"

पण चाक खाली निघालं होतं, वारा कानांत शिरला होता, गजरा उडून गेला होता, आणि दोघीही आता काय ओरडतायत ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. पाळणा थांबला. पाळणेवाला दांडा काढायला पुढं आला.

"काढू नको रं," ठमाबाई धापा टाकत म्हणाली. "पुन्हा फिरव."